लवंगीचं कुलूप

लवंगीला राग यायला कारण लागत नाही, असं तिच्या खात्यातल्या सगळ्यांचं मत होतं. ते साफ चूक होतं. कारण असायचंच, फक्त ते इतरांना दिसत नसे. अर्धवट पिळलेला स्क्रू, बोर्डावर एका बाजूला सांडलेलं कथील, "चालतंय की" म्हणून खांदे उडवणारा माणूस, यातलं काहीही समोर आलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. उंचीने बेताची, आवाजाने अजिबात बेताची नाही, म्हणून कुणीतरी कधीतरी तिला लवंगी मिरची म्हणालं आणि ते नाव चिकटलं. तोंडावर कुणी म्हणत नसे. तिला मात्र ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

ती कुलपं बनवायची. लोखंडाची नव्हे, आकड्यांची. दाराबाहेर बटणांची पट्टी, सहा आकडे दाबले की आतला खटका सरकतो, ती. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं टेबल होतं. त्यावर भिंगाचा दिवा, डाग द्यायची कांडी, वायरींची भेंडोळी आणि राळेचा जळका वास. खाली लाइन चालायची, तिथे तिने कागदावर काढलेली सर्किटं बोर्डावर चढून, डब्यात बसून, खोक्यात भरून बाहेर पडायची. खाली ती फारशी जात नसे. ती खाली उतरली की लाइनवरच्या पोरी एकमेकींना कोपर मारायच्या.

तिचा शोध काय होता, ते सांगायलाच हवं. आकड्यांच्या कुलपाची एक खोड असते. तुम्ही आकडा दाबला की आतली चिप तो बरोबर आहे का ते बघते, आणि बघताना थोडी वीज खाते. बरोबर आकड्याला थोडी जास्त, चुकीच्याला थोडी कमी. फरक नखाएवढाही नाही. पण हातात चांगलं मीटर असलेला चोर तेवढ्यावरून एकेक आकडा हेरत जातो, पत्ते खेळताना एखाद्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या हातातली पानं कळावीत तसा. लवंगीने चिपचा चेहरा दगडी करून टाकला. आकडा बरोबर असो, चूक असो, वीज तेवढीच. याला तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. लग्नाची दोन स्थळं गेली, त्यांचं तिला वाईट वाटलं नाही. ती वर्षं सार्थकी लागली असंच ती मानायची. शोधावर तिच्या नावाची सरकारी मोहोर उमटली, आणि मालकांनी तो कागद चौकटीत घालून खाली पाहुण्यांच्या खोलीत टांगला.

आणि तेच कुलूप तिने आपल्या धाकट्या बहिणीच्या दाराला लावलं होतं.

धाकटी स्वभावाने तिच्या अगदी उलट. हळू बोलणारी, पडतं घेणारी. नवरा कॅमेरे बसवायचा, दुकानांत, जिन्यांत, फाटकांवर. कामाला हुशार माणूस. घरी मात्र हात उचलायचा. आधी कधीमधी, मग येताजाता. धाकटी सांगायची नाही. एकदा मनगटाला पट्टी बांधून आली तेव्हा लवंगीने तिला तिथल्या तिथे रिक्षात घातलं, सामान आणलं, आणि दोन खोल्यांचं घर बघून दिलं. दाराला स्वतःच्या हाताने कुलूप बसवलं. "आकडे तू ठरव," ती म्हणाली. "मलाही सांगू नकोस. आता हे दार तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाही."

त्यावर धाकटी बऱ्याच दिवसांनी हसली होती.

मग काही आठवड्यांनी तिचे फोन सुरू झाले. "ताई, घरात कुणीतरी येऊन जातंय गं."

"काय गेलं?"

"गेलं काहीच नाही. पण खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली होती. मी अशी ठेवत नाही."

"ठेवली असशील. दमून येतेस, लक्षात राहत नाही."

पुढच्या वेळी कप पालथा होता. त्याच्या पुढच्या वेळी ओढणीची घडी घातलेली, चौकोनी, काठ आत. "तो अशीच घालायला लावायचा, ताई. मी आता मुद्दाम तशी घालतच नाही."

लवंगीने प्रत्येक वेळी कुलपाचं काय झालं ते विचारलं. ओरखडा? नाही. वाकलंय? नाही. मग संपलं! तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला. "अगं, ते कुलूप मी बनवलंय. माझ्या टेबलावर बसून मला ते उघडता येत नाही, तर कॅमेरे लावणारा काय उघडणार? तू घाबरली आहेस, म्हणून तुला सगळीकडे तोच दिसतो. डॉक्टरांकडे जाऊ या आपण."

धाकटी म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, आकडे दाबले, दार उघडलं, तर तो खुर्चीत बसलेला. दाराकडे तोंड करून. ती जिन्यातून किंचाळत खाली धावली. शेजारी जमले, पोलीस आले. तो शांतपणे खाली उतरला आणि म्हणाला, तिनेच बोलावलं, तिनेच आकडे सांगितले, आता आईबापांना काय वाटेल म्हणून नाटक करतेय. चोराच्या उलट्या बोंबा! पण बोंब मोठी असली की खरी वाटते.

चौकीवरच्या अधिकाऱ्याने दार पाहिलं, खटका पाहिला, सगळं शाबूत. धाकटी म्हणाली, माझ्या ताईला विचारा, तिनेच बनवलंय. त्याने तिथूनच लवंगीला फोन लावला.

"बाई, हे कुलूप आकडे माहीत नसताना, न फोडता, बाहेरून उघडतं का?"

"नाही," लवंगी म्हणाली. "अशक्य."

"नक्की?"

राग आला तिला. नक्की म्हणजे काय? कुणाला विचारतोय हा? "लिहून घ्या माझ्या नावाने," ती म्हणाली. "शोध माझा आहे."

त्याने लिहून घेतलं.

आता यात तिचं काय चुकलं, असं कुणीही म्हणेल. जे माहीत होतं ते सांगितलं. बहिणीसाठी खोटं बोलणाऱ्यांतली ती नव्हती. आपलेच दात आपलेच ओठ झालं तरी दात आहेत ते आहेत, असं म्हणणारी. पण त्या एका शब्दाने धाकटी खोटी ठरली. नवऱ्याला लांब ठेवा म्हणून तिने न्यायालयात अर्ज केला होता, त्याला जोडलेल्या पोलिसांच्या टिपणात आता वाक्य आलं की कुलूप बनवणाऱ्या तज्ज्ञ बाईंच्या मते आतल्या माणसाने दार उघडल्याशिवाय किंवा आकडे सांगितल्याशिवाय प्रवेश शक्य नाही. नवऱ्याच्या वकिलाला आणखी काय हवं होतं? सुनावणीची तारीख लागली. अर्ज फेटाळला गेला की तो उजळ माथ्याने त्या जिन्यात येऊन उभा राहणार होता.

धाकटीने फोन उचलणं सोडलं. मग एक दिवस शेजारची बाई कारखान्याच्या फाटकाशी एक कापडी पिशवी देऊन गेली. आत कुलूप. सुताराकडून काढून घेतलेलं, स्क्रूंसकट. सोबत निरोप, "तुझं तुला." दाराला तिने जाड लोखंडी आडणा बसवून घेतला होता, आतून.

लवंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे अजून हिचं तेच? आता दाखवतेच हिला, म्हणून ती पिशवी घेऊन तणतणत वर गेली, दिवा ओढला आणि कुलूप उघडं करून भिंगाखाली धरलं.

बॅटऱ्यांची खोबण बाहेरच्या बाजूला होती. बॅटरी संपली म्हणून माणूस दाराबाहेर अडकू नये, एवढ्यासाठी. बॅटऱ्या काढल्या की मागे बोर्डाचा तुकडा दिसतो आणि त्यावर चार सोनेरी ठिपके. त्यांना खात्यात टिकल्या म्हणत. नवं बोर्ड तयार होत असताना या टिकल्यांवर सुया टेकवून चिपशी बोलता येतं, तिच्या पोटात काय लिहिलंय ते वाचता येतं. त्याशिवाय काम होत नाही. पण माल बाहेर पडण्याआधी चिपच्या पोटातली केसाहून बारीक एक तार जोराची वीज सोडून जाळून टाकायची असते. तिला फ्यूज म्हणतात. ती एकदा जळली की चिप आयुष्यभर मुकी. मग टिकल्यांवर सुया टेकवा नाहीतर डोकं आपटा, ती अवाक्षर काढत नाही. लवंगीच्या नकाशात हे ठळक लिहिलेलं होतं, लाल रंगात, खाली दोन रेघा मारून.

तिने दोन सुया घेतल्या. लाल वायरीची एक, काळ्या वायरीची एक. वायरींच्या दुसऱ्या टोकाला हातात मावेल अशी डबी, डबीवर आकडे उमटायची पट्टी. पट्टी कोरी राहील, तिचा फोटो काढायचा आणि धाकटीला पाठवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

सुया टेकल्या. पट्टीवर सहा आकडे आले.

तिने सुया उचलल्या. पट्टी कोरी झाली. पुन्हा टेकवल्या. पुन्हा तेच सहा आकडे.

मग तिने भिंग जवळ ओढलं. लाइनवरच्या यंत्राच्या सुया टिकलीच्या बरोबर मध्ये एकेकच टोचा मारतात, सरळ, टाचणीने टोचावं तसा. तो टोचा होताच. पण त्याच्या भोवती आणखी ओरखडे होते, तिरके, घसरलेले, एकावर एक. हाताने धरलेल्या सुईचे. हे तिचे नव्हते. तिने हे बोर्ड आज पहिल्यांदा उघडलं होतं.

मोरीला बोळा नि दरवाजा मोकळा! नखाएवढ्या विजेचा फरक बुजवायला तिने आयुष्य वेचलं, आणि इथे कुणीही यावं, बॅटऱ्या काढाव्यात आणि आकडे वाचून घ्यावेत. कप कुणीतरी पालथा घातला होता. ओढणीची घडी घातली होती. धाकटी सांगत होती ते सगळंच्या सगळं खरं होतं.

ती जिना उतरली ती कशी उतरली हे तिला नंतर आठवेना. लाइनचे साहेब टेबलाशी उभे होते. यांचं नाव होईलहो. काहीही विचारा, "होईल हो" म्हणायचे, म्हणून. वाईट माणूस नव्हता. पण वाईट नसलेली माणसं किती वाईट करून ठेवतात, त्याला सुमार नाही.

"फ्यूज जळलेला नाही," लवंगीने कुलूप त्यांच्यासमोर आपटलं.

होईलहोंनी कुलपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "मॅडम, बसा ना."

"बसत नाही. या एकाचाच राहिलाय की आणखी काहींचा?"

"फ्यूज जाळला की बोर्ड दुरुस्त होत नाही हो. एक बटण अडकलं तरी सगळं भंगारात. शिवाय लोक आकडे विसरतात. आमचा माणूस जातो, बॅटरी काढतो, आकडे वाचून देतो. लोक खूश असतात, मॅडम. आजवर एक तक्रार नाही."

"मी विचारलं, आणखी कितींचा?"

"आपण जाळतच नाही," होईलहो म्हणाले. "पहिल्या खेपेपासून."

लाइन थांबली होती. पोरी ऐकत होत्या. लवंगीने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, तो आणखी वर गेला. "आणि हे बाहेर कुणाला माहीत आहे?"

"आपल्या बसवणाऱ्यांना. त्यांना शिकवावंच लागतं. आता ते इतरांत ऊठबस करतात. दारवाले, बेलवाले, कॅमेरेवाले... सगळे एकाच टपरीवर चहा पितात हो."

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत, आणि जिने बनवलं तिला नाही! मला का नाही सांगितलंत?"

इतकी वर्षं होईलहोंनी तिच्यापुढे मान वर केली नव्हती. आज केली. "तुम्हाला सांगायचं कुणी? मी आलो होतो एकदा, पहिल्या खेपेच्या वेळी. तुम्ही म्हणालात, लाल रंगात लिहिलंय ते वाचता येत नाही का, आणि दार लावून घेतलंत. तुम्ही ऐकून घेता होय कुणाचं?"

यावर तिच्याकडे उत्तर तयार होतं. तिच्याकडे नेहमीच उत्तर तयार असायचं. पण कानात धाकटीचं "बरं" वाजलं. ती वळली आणि मालकांच्या खोलीकडे निघाली.

मालक गोड माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं, हळहळले सुद्धा. "फार वाईट झालं. पुढच्या खेपेपासून फ्यूज जाळू. मी स्वतः लक्ष घालतो."

"पुढच्या खेपेचं नंतर. जी दारांवर बसलीयत त्यांचं काय? प्रत्येकाला कळवा. आजच."

"हे बघा बाई, तुमच्या धंद्याची रीत तुम्हाला मी सांगायची का? कुणाला कुलपात भोक सापडलं की तो आधी बनवणाऱ्याला गुपचूप सांगतो, मुदत देतो, भोक बुजलं की मग जगाला सांगतो. बरोबर? मग आम्हालाही मुदत द्या. आत्ता बोभाटा केलात तर न कळणाऱ्यांनाही कळेल, दारं आणखी उघडी पडतील."

रीत खरी होती. संगणकाच्या सुरक्षेचं काम करणारे सगळे ती पाळतात, लवंगीनेही पाळली होती, दुसऱ्यांच्या कुलपांत भोकं काढली तेव्हा. म्हणूनच तिला जास्त संताप आला. चांगल्या रीतीचं पांघरूण करून हा माणूस त्याखाली झोपायला निघाला होता.

"मुदत चोरांना अजून माहीत नसतं तेव्हा द्यायची असते," ती म्हणाली. "इथे चोरांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त दारामागच्यांना."

मालकांनी सुस्कारा टाकला. "तुमच्या बहिणीला नवं कुलूप देतो. फ्यूज जाळून. आज संध्याकाळी माणूस पाठवतो. न्यायालयात मात्र हे नको. तुमचा शोध एक मोठी कंपनी घेऊ पाहतेय, तुमचं नाव होईल. आपल्याच हाताने त्यावर शेण कशाला टाकता?"

"माझ्या बहिणीला कुलूप नकोय," लवंगी म्हणाली. "मी तिच्याविरुद्ध जो शब्द दिलाय, तो मला परत घ्यायचाय. तो तुमच्याकडे मिळतो का?"

त्याच दिवशी तिने टेबलावर बसून सूचना लिहिली आणि या कामातले लोक जिथे सापडलेली भोकं मांडतात तिथे मांडून टाकली. हे कुलूप ज्यांच्या दाराला असेल त्यांनी आतून कडी घालावी. बाहेरून बॅटरी काढून आकडे वाचता येतात. भोक कुणाला सापडलं, या रकान्यात तिने आपलं नाव लिहिलं. कुलूप कुणी बनवलं, या रकान्यातही आपलंच लिहिलं. दुसऱ्या सकाळी कारखान्याच्या फाटकावर तिचं ओळखपत्र चालेना. रखवालदार खाली मान घालून म्हणाला, "बाई, वरून सांगितलंय." त्याच्यावर ती ओरडली नाही. त्याची काय चूक?

सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि बाकं इतकी जवळ होती की गुडघे समोरच्याच्या पाठीला लागत. धाकटी पुढच्या बाकावर बसली होती. तिने वळून पाहिलं नाही. नवरा पलीकडे, इस्त्रीच्या शर्टात, वकिलाशेजारी. न्यायाधीश बाई वयस्क होत्या, दमलेल्या दिसत होत्या. लवंगीने आधीच धाकटीच्या वकिलाला गाठून सगळं सांगितलं होतं; त्याने तिला साक्षीला उभं केलं तेव्हा नवऱ्याचा वकील खुशीतच उठला.

"तुम्ही अधिकाऱ्यांना सांगितलंत की हे कुलूप असं उघडणं अशक्य आहे. आज म्हणता उघडतं. मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आता?"

"तेव्हा मी खोटं बोलले नाही. तेव्हा मी चुकले होते. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. मला तेवढंही नव्हतं."

"बहिणीसाठी मत बदललंत, असं म्हणू या का?"

"काय म्हणायचं ते म्हणा!" लवंगीचा आवाज खोलीभर घुमला. "माझी नोकरी गेली, माझा शोध मातीत गेला, ते काय मी हौसेने केलं का?"

न्यायाधीश बाईंनी पेन आपटलं. "आवाज खाली. करून दाखवता येईल?"

तिने कुलूप टेबलावर ठेवलं. तेच, पिशवीतलं. बाहेरच्या बाजूने झाकण सरकवलं, बॅटऱ्या काढल्या, डबी जोडली. सगळे पुढे वाकले. आणि तिची सुई घसरली. भीतीने नव्हे. तो समोर बसला होता, टाचा हलवत, आणि धाकटी मान खाली घालून, आणि लवंगीला इतका संताप आला होता की सुईचं टोक टिकलीवर ठरेना.  लाल सुई टेकली. काळी टेकली. पट्टी कोरी. वकिलाने हसून खाली पाहिलं. पुन्हा टेकवली. कोरीच. धाकटीचे खांदे आक्रसले.

 टिकल्या डोळ्यांपुढे एकमेकींत मिसळायला लागल्या. तिने काळी सुई उचलून परत तिथेच ठेवली.

नवऱ्याने नाकातून हवा सोडली. कामात हुशार असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातात वायर चुकताना बघवत नाही, त्याचा जीव वळवळतो. तो वकिलाकडे झुकला आणि कुजबुजला. पण खोली लहान होती आणि सगळे श्वास रोखून होते.

"उलटं लावतेय. काळी कडेच्या टिकलीवर लागते."

वकिलाचा हात त्याच्या गुडघ्यावर पडला, पण उशीर झाला होता. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात?"

त्याने वकिलाकडे पाहिलं.

"बाई," त्या लवंगीला म्हणाल्या, "काळी कडेच्या टिकलीवर लावून बघा."

तिने लावली. पट्टीवर सहा आकडे उमटले.

"हे तुझे?" न्यायाधीश बाईंनी धाकटीला विचारलं. धाकटीने आकडे वाचले आणि मान हलवली. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला पत्नीने आकडे सांगितले होते, असं तुमचं म्हणणं. मग टिकलीशी तुमचा काय संबंध आला?" तो कॅमेऱ्यांबद्दल काहीतरी पुटपुटला. त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही.

हुकूम तिथेच झाला. त्याने तिच्या घरापाशी, कामापाशी फिरकायचं नाही, फिरकला तर थेट कोठडी. पोलिसांच्या टिपणातल्या त्या वाक्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की ते ग्राह्य नाही. बाहेर पडताना लवंगीचे पाय हलके झाले होते. फार दिवसांनी राग कुठेच दुखत नव्हता. तिला वाटलं, आता धाकटी गळ्यात पडेल, रडेल, आपण तिला दटावू, मग दोघी मिळून कुठेतरी चहा घेऊ.

धाकटी रस्त्यापलीकडे बसथांब्याशी उभी होती. लवंगी धापा टाकत तिच्यापाशी गेली. "बघितलंस त्याचं तोंड? स्वतःच्या तोंडानेच बुडाला मेला! बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग? अगं, सुटलीस तू! काहीतरी बोल की."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण पडता नव्हता. "ताई, कप पालथा दिसला तेव्हा मी तुला सांगितलं. ओढणीचं सांगितलं. तू म्हणालीस, डॉक्टरांकडे जाऊ."

"मला काय माहीत होतं गं, त्या लोकांनी फ्यूज—"

"फ्यूजचं नाही म्हणत मी. तू सुया लावल्यास, आकडे दिसले, तेव्हा तुला पटलं. आज तो बोलला, तेव्हा बाईंना पटलं. तुला सुयांनी सांगावं लागलं आणि त्यांना त्याने. मी सांगत होते, ते कुणाला का पुरलं नाही?"

  लवंगीला राग आला, चांगला मस्तकात गेला, पण या वेळी तो दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता, तो तिचा तिच्यावरच होता.

बस आली. धाकटी चढली, खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. लवंगी तिथेच उभी राहिली, हातात ती कापडी पिशवी घेऊन.